परदेशातील रुग्णसेवा आणि सात्त्विक दान

देणे हे आपले कर्तव्यच आहे अशा बुद्धीने, देश, काळ व पात्र पाहून, ज्याच्याकडून परतफेड संभवत नाही अशास दिलेले दान सात्त्विक होय, असे गीतेच्या सतराव्या अध्यायात सांगितले आहे.

येथे गृहस्थास शंका येते: स्वदेशीच दीनदुबळे असता परदेशी जाऊन सेवा का करावी? उत्तर ‘देश’ या शब्दातच आहे. ज्या वस्तूचा जेथे अभाव, तेथे ती देणे योग्य.

१९३८ साली जपानी आक्रमणाने होरपळलेल्या चीनमध्ये शस्त्रवैद्यांची मोठी वाण होती. भारत स्वतः परतंत्र व दरिद्री असताही राष्ट्रसभेने पाच डॉक्टरांचे पथक तिकडे धाडले. त्यांत सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस स्वेच्छेने गेले. तेथेच त्यांना वडिलांच्या निधनाची वार्ता कळली. तरीही हाती घेतलेली सेवा टाकून ते परतले नाहीत. रुग्णांची भाषा ते शिकले, त्यांच्यातीलच एक झाले. ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, त्यांनी तेथेच देह ठेवला.

प्रत्येकास परदेशी जाणे शक्य नाही. परंतु आपला शिकलेला मुलगा वा मुलगी अशा सेवेस निघाली, तर मोहाने तिची वाट अडवू नये. धन देताना तिजोरी थोडी रिती होते. माणूस देताना ममत्वच सोडावे लागते. आणि जाणाऱ्याने ‘मी उपकार करतो’ हा अहंकार घरीच ठेवून निघावे.