द्राक्षबागेचं नाक

मी निफाड तालुक्यातल्या द्राक्षबागायतदाराचा मुलगा. सध्या कॅनडात, ऑन्टारिओतल्या लेमिंग्टनजवळ, एका परवानाधारक काचघरात गांजाची झाडं सांभाळतो. कॅनडात १७ ऑक्टोबर २०१८ पासून प्रौढांसाठी गांजा कायदेशीर आहे. आपल्याकडे १९८५च्या एनडीपीएस कायद्यानं गांजा पिकवणं आणि बाळगणं गुन्हा आहे. त्यामुळे वडिलांना, आप्पांना, फोनवर हे सांगताना जीभ जड झाली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, "पाणी कितीदा देता?" त्या प्रश्नानं मला धीर आला. माझ्या हाताखालून सर्वांत जास्त गेलेला वाण म्हणजे ‘व्हाइट विडो’. त्याच्या सोबतीत जे शिकलो, ते हे.

१. पांढरं दिसलं की आधी भिंग लावावं.
बागेत पांढरं दिसलं म्हणजे भुरीचा रोग, हे लहानपणापासून डोक्यात बसलेलं. इथे फुलांवर आणि भोवतीच्या पानांवर पांढरा थर पाहून पहिल्या आठवड्यात माझ्या पोटात गोळा आला होता. भिंगातून पाहिलं तर टाचण्यांसारख्या ग्रंथी: बारीक देठ, वर चिकट थेंब. नशा आणणाऱ्या टीएचसीचं मूळ रूप आणि वासाची तेलं त्याच थेंबात असतात. थेंब आधी काचेसारखे असतात, मग दुधी होतात, मग सोनेरी. काढणीचा दिवस त्यांच्या रंगावरून ठरतो. भुरी या पिकालाही येते. पण ती बोटाला पिठासारखी लागते, हे थेंब चिकटतात.

२. कुळकथा ऐकावी, पण तिच्यावर शपथ घेऊ नये.
हा वाण १९९०च्या दशकात नेदरलँड्समध्ये पुढे आला. एक पूर्वज ब्राझीलचा, दुसरा दक्षिण भारतातला, बहुधा केरळच्या डोंगरातला, असं सांगतात. १९९५ साली अॅमस्टरडॅमच्या गांजाच्या स्पर्धेत जिंकल्यावर त्याचं नाव सगळीकडे पोचलं. पण तो पहिल्यांदा कोणी तयार केला, यावर दोन दावे आहेत. अनेक वर्षं हे काम चोरून चाललं. चोरून केलेल्या संकराची नोंदवही कोण ठेवणार?

३. वाण बियांत टिकत नाही, काडीत टिकतो.
थॉमसन सीडलेस आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या तोच राहिला, कारण तो काडीवरून वाढवला. संकरित गांजाचं बी पेरलं तर एका आईची चार लेकरं चार तऱ्हांची निघतात. म्हणून आम्ही निवडलेलं मातृझाड रोज अठरा तास उजेडात ठेवतो, त्याला फुलू देत नाही, आणि त्याच्याच काड्या लावतो. दोन कंपन्यांच्या डब्यांवर एकच नाव असलं, तरी आतलं झाड एकच असेल असं नाही. गांजाचे दोन प्रकार सांगणाऱ्या ‘इंडिका’ आणि ‘सटायव्हा’ या शिक्क्यांचंही तसंच. डलहौसी विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ साली शेकडो नमुने तपासले. शिक्क्यांचा झाडाच्या एकूण जनुकीय नात्याशी मेळ फारसा बसला नाही. काही मोजक्या सुगंधी द्रव्यांशी मात्र बसला.

४. वास सावकाश घ्यावा आणि सावकाश जपावा.
व्हाइट विडोचं फूल चुरडलं की मला आधी ओल्या मातीचा वास येतो, मग लाकडाचा, शेवटी मिरीचा. मातकट वास बराचसा मर्सिन या सुगंधी द्रव्याचा. ते आपल्या आंब्यातही असतं. मिरीचा झणका कॅरिओफिलिनचा, आणि ते खरोखरच मिरी-लवंगेत असतं. पहिल्या खेपेला आम्ही वाळवणीत घाई केली. खोली गरम ठेवली आणि फुलांना वाळक्या गवताचा वास आला. मी हळहळत आप्पांना सांगितलं. ते म्हणाले, "बेदाणा उन्हात टाकतो का आपण? सावली दे, वारा दे, दिवस मोज." पुढच्या खेपेला थंड, अंधाऱ्या खोलीत जवळपास दोन आठवडे दिले. मिरी परत आली.

५. ‘हा वाण असाच चढतो’ असं कोणी म्हणालं, तर मान डोलावू नये.
व्हाइट विडो आधी डोकं मोकळं करतो, गप्पांत आणतो, मग अंग सैल करतो, अशी त्याची ख्याती. पण मात्रा, घेण्याची पद्धत, सवय आणि त्या दिवशीचं मन यांनी सगळं बदलतं. त्याच फुलानं एकाला झोप येते, तर दुसऱ्याची छाती धडधडते. लेबलावर मी नावाआधी टीएचसीचा आकडा वाचतो.

६. खाल्लेलं उशिरा बोलतं.
ओढलेलं काही मिनिटांत जाणवतं. खाल्लेलं कधी अर्ध्या तासानं, कधी दोन तासांनी. इथे खाण्याच्या एका पाकिटात दहा मिलिग्रॅमपेक्षा जास्त टीएचसी ठेवता येत नाही. माझा मावसभाऊ इथे आला तेव्हा त्यानं एक पाकीट खाल्लं, तासाभरात काही होईना म्हणून दुसरंही संपवलं. मग मध्यरात्र उलटेपर्यंत तो माझा हात धरून "दादा, मी मरतोय का?" विचारत राहिला. मी पाणी देत, दिवा लावून, त्याच्या उशाशी बसलो होतो. हे पीक मीच वाढवतो, आणि त्याला आधी दोन वाक्यं सांगायला मीच विसरलो, याची खंत अजून आहे.

७. पिकाची माया असली तरी त्याचा धोका सांगावा.
कोवळ्या वयात मेंदू अजून घडत असतो. घरात कुणाला स्किझोफ्रेनियासारखा आजार असेल, तर धोका आणखी वाढतो. घेतल्यावर गाडी चालवणं म्हणजे दुसऱ्याच्या जिवाशी खेळ. गावाकडून भाच्याचा मेसेज येतो, "मामा, भारी काम आहे तुमचं. फोटो पाठवा ना." मी फुलाचा फोटो पाठवतो. मग लगेच फोन लावतो आणि मावसभावाच्या त्या रात्रीची गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगतो.