शरीरातील घड्याळ

सातारा जिल्ह्यात, खंडाळ्याच्या परिसरात, एखाद्या सायंकाळी चिंचेच्या झाडाकडे लक्ष देऊन पाहा. दिवस कलला, की तिची इवली पाने जोडीजोडीने मिटतात आणि सकाळी पुन्हा उघडतात. ‘ऊन गेले, म्हणून पाने मिटली’, असे आपण सहज म्हणून जातो. परंतु पाने केवळ सूर्याच्याच आज्ञेत असतात काय?

हा प्रश्न १७२९ साली द मेराँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने तपासून पाहिला. त्याने लाजाळूसारखे एक रोप काळोखात ठेवले. सूर्यदर्शन नसतानाही त्याची पाने दिवसा उघडत व रात्री मिटत! वनस्पतीच्या अंगातच जणू एक घड्याळ आहे, हे पुढील शास्त्रज्ञांनी यावरून ओळखले.

मग मनुष्याच्या अंगीही असे घड्याळ असेल काय? रोप काळोखात ठेवणे सोपे. पण माणूस तेथे राहण्यास कसा तयार व्हावा?

१९६२ च्या जुलै महिन्यात मिशेल सिफ्र हा तेवीस वर्षांचा फ्रेंच तरुण आपण होऊन आल्प्स पर्वतातील एका खोल, बर्फाळ गुहेत उतरला. त्याच्याजवळ घड्याळ नव्हते. सूर्यप्रकाश तर नव्हताच. बाहेरच्या जगाशी त्याचा संबंध एका दूरध्वनीपुरता होता.

गुहेच्या तोंडाशी त्याचे सोबती बसले होते. सिफ्र जागा झाला, जेवला किंवा निजावयास निघाला, की वर कळवी; सोबती ती वेळ टिपून ठेवीत. त्यांनी आपण होऊन त्याला हाक द्यावयाची नाही आणि किती वाजले हे चुकूनही सांगावयाचे नाही, असा कडक नियम होता. सिफ्रचा दूरध्वनी मध्यरात्रीही येई. म्हणून वर कोणी ना कोणी सावध असणे भाग होते. एकाच्या तोंडून एक शब्द निसटला असता, तर साऱ्यांचे श्रम वाया गेले असते.

थंडीने व ओलाव्याने सिफ्रचे अंग गारठून गेले. पण तो डगमगला नाही. १४ सप्टेंबरला मुदत संपल्याचे त्याला कळविण्यात आले, तेव्हा तो चकित झाला. त्याच्या हिशेबाने तर २० ऑगस्ट उजाडला होता! मनाची मोजणी पंचवीस दिवसांनी चुकली होती. परंतु सोबत्यांची टिपणे पाहता असे दिसले, की त्याचे निजणे-उठणे सुमारे साडेचोवीस तासांच्या फेऱ्यानेच चालले होते. मन फसले, शरीर फसले नव्हते.

पुढे आपल्या देशातही मदुराई कामराज विद्यापीठात प्रा. एम. के. चंद्रशेखरन यांनी अशा अभ्यासासाठी एकांतगृह उभारले. आज असे प्रयोग रुग्णालयांतही होतात. तेथे डॉक्टर, परिचारिका व तंत्रज्ञ यांच्या कामाचा मेळ घालणारा एक समन्वयक असतो. दिवे केव्हा मालवावे, रक्त केव्हा घ्यावे, पाळी कोणाची, हे तो ठरवून देतो. प्रयोगाला आलेल्या व्यक्तीला सर्व गोष्टी तिच्या भाषेत समजावून सांगून तिची संमती घ्यावी लागते. तिला वाटेल तेव्हा प्रयोग सोडण्याची मोकळीक असते. ज्ञान मोठे खरे. पण त्यासाठी माणसाला वेठीस धरता येत नाही.

या ज्ञानाची गरज आपल्या दाराशीच आहे. खंबाटकी घाटातून रात्रभर मालमोटारी धावतात. पहाटेच्या सुमारास चालकाचे शरीर झोप मागत असते; तेव्हा क्षणाची डुलकीही प्राणावर बेतते. लहान मुलांची झोप पुरी व्हावी, म्हणून महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी न भरविण्याचा आदेश काढला.

सिफ्रचे धाडस आपण वाखाणतो. पण गुहेच्या तोंडाशी जागून, मौन पाळून, प्रत्येक वेळ टिपणारे ते सोबती नसते, तर त्या धाडसातून जगाला काय मिळाले असते?

अभ्यास

१. द मेराँ याने रोप काळोखात का ठेवले?
२. ‘मन फसले, शरीर फसले नव्हते’, या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
३. सिफ्रला वेळ सांगण्यास सोबत्यांना मनाई का होती?
४. सात दिवस आपली निजण्या-उठण्याची वेळ वहीत टिपा व काय आढळले ते लिहा.