गिरनारची तयारी : पायऱ्यांचा आणि पैशांचा हिशोब



दत्तभक्तहो, आपण वाडीला जातो, औदुंबरला जातो, गाणगापूरला जातो. गाडी थेट गावात पोहोचते. संगमावर स्नान, पादुकांचे दर्शन, प्रसाद, आणि रात्री गाडीत बसलं की सकाळी घरी. या यात्रांचा खर्च आपल्या तोंडपाठ असतो. गिरनारला मात्र हा हिशोब पुरत नाही. तिथे महाराजांच्या पादुका डोंगराच्या टोकावर आहेत, आणि शेवटचा टप्पा आपल्या पायांनी नाहीतर दुसऱ्याच्या खांद्यावरूनच करायचा आहे. आमच्या मंदिरातून दर वर्षी दहा-बारा जणांची तुकडी जाते, बहुतेक सगळे साठीच्या पुढचे. वही माझ्याकडे असते, म्हणून संपादकांनी "ताई, यंदा तुम्हीच लिहा" म्हटलं. क्षेत्राचं माहात्म्य सांगणारे अधिकारी लोक या अंकात आहेतच. मी पायऱ्या, वेळ आणि रुपये एवढ्यावरच बोलते.

सर्वांत आधी रोपवेबद्दल. ऑक्टोबर 2020 मध्ये भवनाथ तळेटीपासून अंबाजीपर्यंत रोपवे सुरू झाला आणि तेव्हापासून आपल्याकडे एक समजूत पसरली, की आता गिरनार सोपा झाला, पाळण्यात बसायचं आणि दत्तात्रेयांसमोर उतरायचं. तसं नाही हो. पाळणा अंबाजीपर्यंतच जातो. गिरनारच्या पायऱ्या बोलण्यात दहा हजार. मोजणाऱ्या प्रत्येकाचा आकडा थोडा वेगळा येतो, पण अंदाजाला हा धरा. यातल्या साधारण निम्म्या अंबाजीपर्यंत संपतात. उरलेल्या निम्म्या, म्हणजे पाच हजारांच्या आसपास, जाताना आणि तेवढ्याच येताना. थोडक्यात, रोपवेचं तिकीट काढलं तरी दिवसभरात दहा हजारांच्या घरात पायऱ्या पायाखालून जाणारच. पुण्याची पर्वती शंभराच्या थोड्या वर पायऱ्यांची. त्यावरून काय ते समजा.

आणि हा रस्ता सरळ चढाचा नाही. अंबाजीहून चढून गोरक्षनाथांच्या शिखरावर जायचं. गिरनारचं सर्वांत उंच ठिकाण ते, सुमारे 1,117 मीटर. तिथून बरंच खाली उतरायचं, मग कमानींपाशी दोन वाटा फुटतात. एक दत्तशिखराकडे वर, दुसरी कमंडलू कुंडाकडे खाली. म्हणजे दर्शन झाल्यावर "आता काय, उतारच आहे" असं म्हणायची सोय नाही. गोरक्षनाथांपर्यंतचा चढ परतीत, दमलेल्या पायांनी, पुन्हा चढावा लागतो. आमच्या तुकड्यांतली बहुतेक माणसं इथेच थकतात. जाताना नामाच्या जोरावर सगळे जातात. खर्चाचा आणि शक्तीचा खरा कस लागतो तो येताना.

उंचीची भीती मात्र धरू नका. केदारनाथ साडेतीन हजार मीटरच्या वर आहे, तिथे हवा विरळ होते. गिरनारला तो त्रास नाही. इथे प्रश्न गुडघे, हृदय, साखर आणि ऊन यांचा. म्हणून डॉक्टरांना "यात्रेला जाऊ का?" असं विचारू नका, ते हसून "जा की" म्हणतील. "सहा-सात तास पायऱ्या चढ-उतार करू शकेन का?" असं विचारा. रक्तदाबाच्या गोळ्या त्या दिवशी कधी घ्यायच्या, उपाशीपोटी चढायचं का, हेही विचारून घ्या. मधुमेह असेल तर कडक उपास करून चढण्याचा हट्ट नको. खडीसाखर आणि शेंगदाण्याचा लाडू खिशात असू द्या, पाठीवरच्या पिशवीत नको. चक्कर आल्यावर पिशवीचे बंद सोडायला हात चालत नाहीत.

सराव तीन महिने आधी सुरू करावा. तीन मजल्यांची इमारत असेल तर एका फेरीला साधारण साठ पायऱ्या होतात. पहिल्या आठवड्यात तीन फेऱ्या, मग हळूहळू दहा. उतरताना कठड्याला धरून सावकाश उतरा, कारण गुडघ्याला चढण्यापेक्षा उतरणं जास्त लागतं. काठी घेऊन चालण्याची सवयही घरीच करा. तळेटीला काठी मिळते, पण हातात पहिल्यांदाच काठी घेतलेला माणस ती नुसती मिरवतो.

आता वेळ. आमच्या वयाच्या मंडळींना अंबाजीहून दत्तशिखर गाठायला, बसत-उठत, तीन तास लागतात. परतीलाही तीन. दर्शनाची रांग, कमंडलू कुंडावरचा प्रसाद, थोडं टेकणं यांचे दोन तास. झाले आठ. सकाळी साडेआठला अंबाजीहून पाऊल टाकलं तर परत यायला साडेचार वाजतात, आणि रोपवे संध्याकाळी बंद होतो. वारा सुटला तर त्याआधीही थांबवतात. म्हणून आम्ही बाराचा नियम केला आहे. दुपारी बाराला जो जिथे असेल तो तिथून हात जोडून मागे वळतो. शिखर समोर दिसत असलं तरी. हा नियम घरी, चहा पिताना, सगळ्यांसमोर ठरवायचा. वर गेल्यावर कुणी ऐकत नाही. त्यावर नेहमी प्रश्न येतो, एवढं जाऊन दर्शन राहिलं तर? आमच्या मंदिराचे गुरुजी म्हणतात, ज्या पायरीवरून वळलात तिथे डोकं टेका, महाराज तिथवर येतात. मला हे पटतं. ज्याला पटत नसेल त्याने डोलीचे पैसे आधीच बाजूला ठेवावेत.

कधी जायचं? कार्तिक शुद्ध एकादशी ते पौर्णिमा लिली परिक्रमा असते. गिरनारला जंगलातून वळसा घालणारी ही वाट सुमारे 36 किलोमीटरची, लाखोंची गर्दी. महाशिवरात्रीला भवनाथचा मेळा. दत्तजयंतीला आणि पौर्णिमांना आपली मराठी माणसं तर असतातच. दर सोमवारी कमंडलू कुंडावर धुनी असते, म्हणून सोमवारीही गर्दी. धुनीचं दर्शन हवं असेल तर सोमवार धरा, नाहीतर पौषातला साधा बुधवार-गुरुवार बरा. थंडी असते, दगड तापत नाहीत, खोलीही सहज मिळते. पावसाळा आणि चैत्र-वैशाख आपल्या वयाला नकोत.

रेल्वेचं आरक्षण हल्ली साठ दिवस आधी उघडतं. पूर्वी एकशेवीस होते, अजून बरेच जण त्याच हिशोबात असतात. वेरावळकडे जाणारी गाडी जुनागढला थांबते. ती न मिळाल्यास राजकोटला उतरून शंभरएक किलोमीटर रस्त्याने. ज्येष्ठांची भाड्यातली सवलत 2020 पासून बंद आहे, ती धरू नका. मात्र खालच्या बर्थचा कोटा आहे, पुरुषांना साठीनंतर आणि बायकांना पंचेचाळिशीनंतर. वय बरोबर भरा, आमच्या एक वहिनी दर वेळी दोन वर्षं कमीच सांगतात!

आता पैसे. दोघांची, नवरा-बायकोची, मुंबईहूनची यात्रा धरू. आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत, तुम्ही त्या दिवसाचे दर विचारून आपले भरा. रेल्वे जाऊन-येऊन 5,600. घरापासून स्टेशन, स्टेशनपासून तळेटी, रिक्षा-बस 1,200. दोन रात्रींचा मुक्काम 2,400. चार दिवसांचं जेवण, नाश्ता, चहा 3,200. रोपवे सुरू झाला तेव्हा दोन्ही बाजूंचं तिकीट माणशी 700 च्या आसपास होतं, त्या मानाने दोघांचे 1,400. काठी, लिंबू सरबत, पाणी 400. पूजा, दक्षिणा, अन्नक्षेत्र 1,500. बेरीज 15,700.

बहुतेकांची वही इथे बंद होते. माझी होत नाही. यात आणखी 10,000 रुपयांचं एक पाकीट घालायचं, चिकटवून बंद केलेलं. एकूण झाले 25,700. हे पाकीट कशासाठी? अर्ध्या वाटेत एकाला डोली करावी लागली, दवाखाना लागला, एक दिवस जास्त राहावं लागलं किंवा तिकीट रद्द करून दुसऱ्या गाडीने यावं लागलं, तर. काही झालं नाही तर पाकीट तसंच परत घरी येतं आणि पुढच्या वर्षीच्या यात्रेची सुरुवात होते. आजपासून दहा महिने दरमहा 2,570 बाजूला टाकले तर पुढच्या पौषाआधी रक्कम उभी राहते. मुलांकडे मागायची वेळ येत नाही. मुलं देतात हो, पण "आई, या वयात कशाला" हे ऐकून घ्यावं लागतं.

या पाकिटाचा उपयोग मी पाहिला आहे. आमच्या तुकडीतले एक काका, वय बहात्तर, परतीच्या चढावर गोरक्षनाथांच्या अलीकडे बसले ते उठेनात. गुडघा धरला होता. तरी "मला काही झालं नाही, पाच मिनिटं थांबा" हेच चाललेलं. काकूंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "त्यांना दुखण्यापेक्षा पैशाची काळजी आहे. पेन्शनमधून एकेक रुपया जोडलाय." मी म्हटलं, ते पाकीट काढा. त्यावर काकांच्याच अक्षरात लिहिलेलं होतं, 'डोलीसाठी, विचारू नये.' घरी त्यांनीच लिहिलं होतं. ते वाचून काका गप्प झाले आणि मुकाट्याने डोलीत बसले. खाली आल्यावर तासभर कुणाशी बोलले नाहीत, मग स्वतःच सगळ्यांना चहा पाजला.

डोलीचं थोडं नीट सांगते. दर वजनावर ठरतो, तळेटीला वजनकाटा असतो. लाजू नका, खरं वजन सांगा, कारण ते कुणाच्या तरी खांद्यावर जाणार आहे. ठरवताना चार गोष्टी स्पष्ट बोला. कुठून कुठपर्यंत, जाऊन-येऊन की एकच बाजू, वर दर्शनाला किती वेळ थांबणार, आणि एकूण किती, माणशी की डोलीचे. "केटला थशे, भाई?" एवढं गुजराती पुरतं. त्यांच्या चहा-नाश्त्याचे पैसे मी वेगळे ठेवते. शंभर-दोनशेसाठी त्यांच्याशी घासाघीस करणं मला बरं वाटत नाही.

रोख रक्कम दोघांत वाटून ठेवा, सुटे दहा-वीस-पन्नास भरपूर. वर मोबाईलने पैसे देण्याच्या भरवशावर राहू नका. खोलीसाठी अनोळखी नंबरवर पूर्ण पैसे आधी पाठवू नका. धर्मशाळेचा नंबर आधी जाऊन आलेल्या माणसाकडून घ्यावा. गिरनार हे अभयारण्य आहे, सिंहही आहेत. वर प्लास्टिकला बंदी आहे, म्हणून स्टीलची बाटली घ्या.

कमंडलू कुंडावर प्रसाद फुकट मिळतो, म्हणून तिथला खर्च शून्य लिहू नये. तांदळाचं आणि डाळीचं प्रत्येक पोतं माणसाच्या पाठीवरून तिथवर जातं. आपण पोटभर जेवतो, तर बाजारात दोन माणसांच्या जेवणाला जे पडलं असतं त्याच्या दुप्पट तरी पेटीत टाकावं, असं आमच्या वहीत ठरलेलं आहे.

तुकडीत एखाद्याला डॉक्टरांनी नाही म्हटलं तर त्याला घरी ठेवू नका. तळेटीला भवनाथांचं दर्शन आहे, नरसी मेहतांच्या नावाशी जोडलेलं दामोदर कुंड आहे, आणि वाटेतच तो मोठा दगड आहे ज्यावर सम्राट अशोकाचे लेख आहेत, शिवाय रुद्रदामन आणि स्कंदगुप्त यांचेही. रोपवेने अंबाजीपर्यंत जाऊन येणंही बहुतेकांना जमतं. आमच्याकडच्या एक आजी गेल्या वर्षी अशाच अंबाजीला बसून राहिल्या, दत्तशिखराकडे तोंड करून, हातात माळ. आम्ही परतलो तेव्हा त्यांनी आधी विचारलं, "सगळे आले ना? मोजा बरं." मी मोजले, अकरा होतो. त्या धरून बारा.