आधी शिव, मगे काप

बाय, दिल्लीला शिकायला जातेस आणि कोट घरीच शिवायचा म्हणतेस, म्हणून सांगते. आपल्या मालवणात कोट लागतो कुणाला? पौषातल्या पहाटे मतलई वारा सुटला की रापणीचं जाळं ओढायला जाणाऱ्यांना काय ती थंडी कळायची. घोंगडी घाटावरून यायची, तिला पैसे पडत, आणि भिजली की उचलवत नसे. म्हणून तुझ्या आजोबांना मी जुन्या लुगड्यांची बंडी शिवली, वाकळ शिवतात तशी. तीच लांब कर, बाह्या लाव, झाला तुझा कोट.

लुगडी सुतीच घे. नायलॉनच्या साडीचे पदर एकमेकांवरून सरकतात, सुई बोटात जाते. एक नऊवारी आठ मीटरच्या वर भरते, पण बसून बसून विरलेला भाग काढलास की कोटाला दोन तरी लागतील. काजूच्या बोंडाचे डाग पडलेलं असेल ते आत घाल. ते डाग काही जायचे नाहीत. सगळं आधी गरम पाण्यातून काढून कडक उन्हात वाळव. नाहीतर पहिल्या धुण्याला कोट आखडेल आणि तू मला बोल लावशील.

आता मुख्य गोष्ट. शिंपी आधी कापतो, मग शिवतो. पदरांच्या कामात ते उलट. माझ्या सासूबाई म्हणत, "आधी शिव, मगे काप." टाके पडत गेले की कापड सगळीकडून आवळतं, मापात कापून बसलीस तर पाठीला चार बोटं कमी पडतात. माझी पहिली बंडी अशीच गेली, ती शेवटी मांजरीला अंथरली. म्हणून पाठ, दोन पुढे, दोन बाह्या यांचे ऐसपैस चौकोन घे. आपल्या वाऱ्याला चार पदर पुरतात, तू सहा घाल. मधून कडेकडे कच्चा दोरा टाकून सुरकुत्या बाहेर काढ, मग धावदोऱ्याच्या ओळी. दोरा हातभरच घे आणि मेणावरून ओढ, गाठी पडत नाहीत.

ओळी फार दाट नकोत. ऊब असते ती दोन पदरांत अडकलेल्या हवेची. ती दाबून टाकलीस तर नुसतं जाड फडकं उरेल. खांद्यावर बोटभर अंतर, पाठीवर दोन बोटं. आणि सावरीचा कापूस भरायचा मोह नको. उशीत तो ठीक. अंगात घातलास की खाली उतरतो, खांदे रिकामे आणि पोट फुगलेलं.

मग मापाचा कागद ठेवून काप आणि तुकडे जोड. कडांना लुगड्याचाच काठ लाव, पण गळ्याला आणि मुंड्याला नाही; काठ वळणावर चुण्या धरतो, तिथे उरेब पट्टी. बगलेत चौकोनी तुकडा जोड, बसमध्ये दांडा धरताना शिवण उसवणार नाही. बटणांपेक्षा बंद बरे, आत स्वेटर घातलास तर सैल सोडता येतात.

सुट्टीत आणशील तेव्हा मृगाआधी दोन दिवस उन्हात टाक, कडुलिंबाचा वाळका पाला घालून पत्र्याच्या ट्रंकेत ठेव. आपल्या दमट हवेत कसर लागायला वेळ लागत नाही.

आजोबांची बंडी त्याच ट्रंकेत आहे, माप तिच्यावरून घे. फक्त उजवा खांदा डाव्याएवढा कर. रापणीचा दोर ओढून त्यांचा तो खांदा उतरला होता, आणि मी बंडी त्याच मापाने शिवली होती.