दुसऱ्या ड्रॉपनंतर तिसरा नको

नीटचा निकाल लागला की करमाळ्यातून, जेऊर-केमकडून तोच प्रश्न येतो: "सर, सरकारीला नंबर लागत नाही. अजून एक वर्ष लातूरला ठेवू का?" पहिल्या प्रयत्नानंतर विचारलंत तर मी आधी मुलाशी बोलेन. दोन ड्रॉप झाल्यावर विचारलंत तर माझं उत्तर आहे: नाही. उसाचं बिल आलं की क्लासची फी भरायची, कमी पडलं तर कर्ज काढायचं आणि घरात उठताबसता "तुझ्यासाठी एवढं केलं" ऐकवायचं. या ओझ्याखाली मार्क वाढत नाहीत, पोर मिटून जातं. माझ्यासमोर मूल बसतं आणि बोलतात वडील. त्याला जीवशास्त्र मनापासून आवडतं का, हे घरात कुणी विचारलेलंच नसतं.

बीएएमएस, फार्मसी, नर्सिंग, कृषी या वाटा तुम्हाला ठाऊक आहेत. मला बोलायचं आहे ते पेशीतल्या चयापचयाच्या संशोधनाबद्दल. पेशी साखर कशी जाळते, चरबी का साठवते, ही घडी बिघडली की मधुमेह कसा होतो, याचा हा अभ्यास.

पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायकांचा अभ्यास सुरू केला. त्यांच्या बाळांचं जन्मावेळचं सरासरी वजन भरलं २.७ किलो, इंग्लंडातल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५. आपली बाळं हडकुळी, पण अंगातली चरबी त्या मानाने टिकून. गरोदरपणी ज्या आयांच्या रक्तात बी-१२ जीवनसत्त्व कमी आणि फोलेट जास्त होतं, त्यांच्या मुलांच्या शरीरात सहाव्या वर्षी इन्सुलिनचा प्रभाव कमी पडताना दिसला. बी-१२ नसेल तर पेशीतली दोन एन्झाइमं अडतात. त्यातलं एक मायटोकॉन्ड्रियात असतं, जिथे पेशीची बरीचशी ऊर्जा तयार होते. ही मुलं तुमच्या-आमच्यासारख्या शेतकऱ्यांच्या घरातली होती! याज्ञिक स्वतः डॉक्टर आहेत, हे खरं. पण रक्तातलं बी-१२ मोजणारे, आकडे तपासणारे, पेशीत नेमकं काय बिघडतं ते शोधणारे सगळे एमबीबीएस नसतात. त्यांत जीवरसायनशास्त्र आणि संख्याशास्त्राची माणसं लागतात.

बारावीनंतर पुण्याच्या आयसर या विज्ञान संशोधन-शिक्षण संस्थेसाठी आयएटी ही वेगळी परीक्षा असते. ती साधारणपणे बारावीच्या वर्षी किंवा पुढच्याच वर्षी देता येते, म्हणजे ड्रॉपवर ड्रॉप घेताना हे दार बंद होतं. ते हुकलं तरी सोलापुरात बीएस्सी करून जॅम परीक्षेतून एमएस्सीला जाता येतं. पुढे पेशींवरच्या संशोधनासाठी पुण्यातच राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे.

पैसा लवकर येत नाही, हेही ऐकून घ्या. पीएचडीला पाच-सहा वर्षं जातात. नेट-जेआरएफ मिळाली तर सुरुवातीला महिना ३७,००० रुपये छात्रवृत्ती असते, कायम नोकरीची हमी नसते. घर लगेच मुलाच्या पगारावर चालवायचं असेल तर त्याला या वाटेला पाठवू नका. तसं नसेल तर नीटचा फॉर्म भरतानाच आयएटीचाही भरा. आणि त्याआधी, तुम्ही खोलीत नसताना, मुलाला माझ्याशी एकट्याला बोलू द्या.