सायलेन्सरचा जाळ म्हणजे ताकद नव्हे

आमचं पंप-नोझलचं वर्कशॉप साखरपट्ट्यात आहे. दिवाळीच्या सुमारास कारखाने सुरू झाले की दारात एकच मागणी येते: "मिस्त्री, पंप जरा वाढवून द्या." दोन भरलेल्या ट्रॉल्या चढाला ओढायच्या, खेप टाकून लवकर परत फिरायचं. मागणी मला समजते. हल्ली मात्र तिच्यासोबत मोबाइलही पुढे येतो. रात्रीचा चढ, ट्रॅक्टरच्या उभ्या सायलेन्सरमधून वीतभर जाळ आणि वर ठणाणा गाणं. "असा जाळ निघाला पाहिजे!"

अशाच एका व्हिडिओतला ट्रॅक्टर संक्रांतीच्या आसपास टोचन लावून आमच्याकडे ओढत आणला. पंप दुसरीकडे वाढवलेला. ब्रीदरमधून धूर येत होता, ऑइल बाहेर पडत होतं. हेड काढलं, तर एका पिस्टनचा माथा कडेला वितळून खचलेला, लायनरला ॲल्युमिनियम चिकटलेलं, एक्झॉस्ट व्हॉल्व्हची कड जळालेली. मालक पुन्हापुन्हा एकच सांगत होते, "पण काटा लाल पट्ट्यात कधी गेलाच नाही हो!"

ते खोटं बोलत नव्हते. तो काटा पाण्याचा. पाणी 85-90 अंश सेल्सिअसच्या आसपास राहतं आणि सावकाश तापतं. सायलेन्सरकडे जाणारा वायू इंजिन नुसतं चालू असताना 100 ते 200 अंशांवर असतो, आणि भर लोडवर काही सेकंदांत 500-600 च्या पुढे जातो. पिस्टनचा मिश्रधातू साधारण साडेपाचशेच्या पुढे वितळू लागतो. तो टिकतो तो रिंगांवाटे लायनरला आणि खालून ऑइलला उष्णता देत राहतो म्हणून. ही उष्णता निघण्यापेक्षा जास्त वेगाने साठू लागली, तर पाण्याच्या काट्याला पत्ता लागेपर्यंत काम झालेलं असतं.

पेट्रोल कमी पडलं की इंजिन तापतं, हे मोटारसायकलच्या मिस्त्रींकडून आपण ऐकलेलं असतं. तो हिशोब डिझेल इंजिनांत उलटा आहे. या इंजिनांत हवेवर झडप नसते. हवा येईल तेवढी येते आणि ॲक्सिलरेटर फक्त डिझेल कमीजास्त करतो. एक किलो डिझेल पुरतं जळायला सुमारे साडेचौदा किलो हवा लागते. कंपनी पंप लावते तो त्याहून बरीच जास्त हवा शिल्लक राहील असा. ती जादा हवाच उष्णता वाटून घेते. पंप वाढवला की आधी ही शिल्लक संपते. मग काळा धूर, आणि त्यावरही रेटलं तर जाळ.

जाळ म्हणजे सिलिंडरमध्ये जळायला हवा किंवा वेळ न मिळालेलं डिझेल. ते व्हॉल्व्ह उघडल्यावर बाहेर पेटतं आणि त्यातून चाकाला काही मिळत नाही. पंपाला हात न लावताही जाळ दिसत असेल, तर नोझल टपकत असेल, टायमिंग मागे गेलं असेल किंवा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बसत नसेल. ठिणग्या वेगळ्या, ती बहुधा सायलेन्सरमध्ये साचलेली काजळी निखारा होऊन उडत असते.

चढाला जाळ दिसला तर वरच्या गिअरमध्ये दाबत नेऊ नका. ॲक्सिलरेटर सोडा, गिअर खालचा घ्या. इंजिन मोकळं फिरलं की हवा वाढते आणि वायूचं तापमान उतरतं. अंधारात मॅनिफोल्ड लालसर दिसला, तर लोखंडच 500 अंशांच्या वर गेलंय असं समजा. आतला वायू त्याहून गरम. टर्बो असेल तर चढ संपल्यावर दोन-तीन मिनिटं इंजिन नुसतं चालू ठेवा, नाहीतर बेअरिंगमधलं ऑइल जागच्या जागी जळून कोळसा होतं. ज्यांना ओझं रोजच ओढायचंय त्यांनी वायूचं तापमान दाखवणारा मीटर बसवून घ्यावा. त्याचा सेन्सर टर्बोच्या आधी हवा. टर्बोनंतर लोडवर आकडा शंभर-दीडशे अंशांनी कमी दिसतो आणि उगाच धीर येतो. सातशेच्या वर काटा टिकू देऊ नका.

कडबा, भुसा किंवा पाचट जवळ असेल तेव्हा तर ठिणगी एकच पुरे. सायलेन्सरवर स्पार्क अरेस्टर बसवा, मॅनिफोल्डवर साचलेला भुसा रोज झाडा. नवी बीएस-6 डिझेल गाडी असेल, तर काजळीचा फिल्टर स्वतःला साफ करताना तिचं एक्झॉस्ट 550-600 अंशांपर्यंत तापतं. त्या सफाईचा दिवा लागलेला असताना वाळल्या गवतावर गाडी उभी करू नका.

आणि ओढ खरोखरच कमी झाली असेल, तर आधी एअर क्लीनर बघा. उसाच्या रस्त्यावरची धूळ कमी नसते. ऑइल बाथची खालची वाटी महिनोन्‌महिने कुणी उघडत नाही. तळाशी चिखल बसतो, हवा अडते. डिझेल तेवढंच, हवा कमी, म्हणजे पंप न वाढवताच वाढवल्यासारखं. वाटी धुवा, खुणेपर्यंतच ऑइल भरा, होजच्या क्लिपा आवळा. मग नोझल टेस्टिंगला आणा.

पंपाचं सील तोडायला सांगणाऱ्याला मी आता पहिल्यांदा ती वाटी काढून आणायला लावतो. बऱ्याच जणांचा पंप त्यानंतर हात न लावता परत जातो.