पेनड्राइव्ह ठेव आता खणात

अगं, बसस्टँडजवळचं झेरॉक्सचं दुकान, ऑनलाइन फॉर्म, वर लग्नपत्रिकांचं डीटीपी, मंगरूळपीरसारख्या गावात हे सगळं तू एकटी रेटतेस याचं मला फार कौतुक आहे. पण स्कॅन केलेला सातबारा काउंटरवरून मागच्या पीसीवर न्यायला तू अजून पेनड्राइव्ह घेऊन उठतेस? आणि कुणाकुणाचे आधार, जातीचे दाखले त्यातच पडून राहतात? हे काही बरं नाही.

विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, म्हणून जुन्या पीसीवर तू उबुंटू टाकलंस, ते छान केलंस. पण आता म्हणतेस की तो आणि काउंटरवरचा विंडोज 11 एकमेकांना ओळखतच नाहीत. ओळखतात गं. दोघांनाही एसएमबी येतं, म्हणजे नेटवर्कवरून फाइल देण्याघेण्याचं तंत्र. आयबीएममध्ये 1980 च्या दशकात ते तयार झालं, मायक्रोसॉफ्टनं वाढवलं, आणि 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला कॅनबेरात शिकणाऱ्या अँड्र्यू ट्रिजेलनं नेटवर्कवरून जाणारी पॅकेट वाचून वाचून ते उलगडलं. त्यातूनच एसएमबी बोलणारं सांबा हे सॉफ्टवेअर आलं.

दुसऱ्या पीसीवरचं फोल्डर माऊसनं क्लिक करून उघडशील, तर खिडकी फक्त 'उघडता येत नाही' म्हणून मोकळी होते. टर्मिनल नेमकं कुठं अडलं ते सांगतं. म्हणून त्या काळ्या पडद्याला घाबरू नकोस.

आधी विंडोजवर 'दुकान' नावाचा वेगळा युजर कर, इंग्रजी अक्षरांत, आणि त्याला पासवर्ड दे. तू रोज टाकतेस तो पिन नेटवर्कवर चालत नाही, आणि पासवर्ड नसलेला युजरही दारातूनच परत जातो. निम्मी भांडणं इथलीच असतात. शेअर एकच फोल्डर कर, आख्खा डी ड्राइव्ह नको. परवानगी दोन ठिकाणी द्यावी लागते, शेअरिंगमध्ये आणि सिक्युरिटीत. दोन्हींत जी कडक, तीच लागू होते.

मग उबुंटूवर लिही: एसएमबीक्लायंट, हायफन मोठा एल, दोन स्लॅश आणि काउंटरच्या पीसीचा आयपी, मग हायफन मोठा यू आणि दुकान. पासवर्ड टाकलास की शेअरची यादी यायला हवी. 'लॉगऑन फेल्युअर' आलं, तर आनंद मान. वायर, आयपी, फायरवॉल सगळं ठीक आहे, फक्त नाव किंवा पासवर्ड चुकलाय. यादी आली, पण फोल्डर उघडताना 'बॅड नेटवर्क नेम' आलं, तर फोल्डरचं नाव चुकलं. नुसतंच ताटकळत बसलं, तर आयपी बदललाय, किंवा विंडोजनं तुझ्या वायफायला 'पब्लिक' समजून 445 नंबरचा पोर्ट बंद ठेवलाय. लाईट जाऊन आली की आयपी बदलू शकतो, म्हणून राउटरमध्ये तो त्या पीसीसाठी राखून ठेव.

यादी दिसली की सीआयएफएस-युटिल्स टाकून फोल्डर कायमचं माउंट कर. पासवर्ड कमांडमध्ये लिहायचा नाही हं, तो हिस्टरीत राहतो. वेगळ्या फाइलमध्ये ठेव आणि तिला सीएचमॉड 600 लाव. एफएसटॅबमध्ये 'नोफेल' लिही, म्हणजे काउंटरचा पीसी बंद असला तरी मागचा अडून बसणार नाही. उलट दिशेनं, विंडोजवरून उबुंटूचं फोल्डर हवं असेल तर नेट यूज ही कमांड आहे. पण तिथं उबुंटूचा पासवर्ड चालणार नाही, एसएमबीपासडब्ल्यूडीनं सांबाचा वेगळा द्यावा लागतो.

एक इशारा. कधी 'होस्ट इज डाउन' येईल, आणि समोरचा पीसी तर डोळ्यांदेखत चालू असेल! बहुतेक वेळा ते एसएमबीच्या आवृत्तीचं भांडण असतं. मग यूट्यूबवरचा कुणी दादा सांगेल, एसएमबी वन चालू कर, 'एव्हरीवन'ला फुल कंट्रोल दे. अजिबात ऐकू नकोस. मे 2017 मध्ये जगभर वॉनाक्राय रॅन्समवेअर पसरला, तो याच जुन्या एसएमबी वनमधल्या भगदाडातून. तुझ्या दोन्ही पीसींना तिसरी आवृत्ती नीट येते, मग हे खूळ काहून?

आणि फाइलच्या नावात कोलन, प्रश्नचिन्ह घालू नकोस. उबुंटूला चालतं, विंडोजला नाही. मराठी नावं मात्र बिनधास्त दे. पत्रिकेची जुनी फाइल उबुंटूवर उघडून अगम्य अक्षरं दिसली, तर नेटवर्कला बोल लावू नकोस. कृतिदेवमध्ये टाईप केलेलं असेल आणि तो फॉन्ट तिथं नसेल, एवढंच.

अडलीस तर स्क्रीनचा फोटो नको पाठवूस. टर्मिनलमधली ती शेवटची ओळ कॉपी करून पाठव, आणि त्याआधी काय टाईप केलंस तेही.